खाली न ठेवलेली चिठ्ठी

"चिठ्ठी खाली ठेव. चार पावलं मागं सर."

मी ठेवली. मागे सरलो. चार सांगितली होती, मी पाच सरलो. एक पाऊल माझ्या भीतीचे.

अंगणात शेणाचा सडा अजून ओला होता. त्या ओल्यावर चिठ्ठी. तिचा एक कोपरा फाडलेला. मयताच्या चिठ्ठीचा कोपरा फाडतात. घेणाऱ्याला घडी उलगडण्याआधीच कळावे म्हणून. आमच्या गावच्या पाटलांची आई पहाटे वारली होती, आणि हे तिच्या मुलीचे सासर होते, नेकनूरच्या पलीकडे. मेलेल्याचा सांगावा गावोगाव पोचवणे हे आमच्या वस्तीचे काम. कायद्याने ते काम गेले होते. गावाने तो कायदा ऐकला नव्हता. त्या महिन्याची पाळी आमच्या घराची होती, वडील तापाने अंथरुणात होते, म्हणून मी निघालो होतो. मी बारा वर्षांचा, सातवीत शिकणारा. सोबतीला शेजारचा लिंबाजी. तो माझ्याहून दीड-दोन वर्षांनी मोठा, शाळेची पायरी न चढलेला.

वारा आला आणि चिठ्ठी उडाली. मी तिच्यामागे धावलो. ओट्यावर बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "पळ बे पळ, कोंबडी चालली तुजी." बाकीचे हसले. घरात मरण आलेले होते, कोणाचे ते अजून कळायचे होते, आणि तरी ते हसले. हे मी विसरलेलो नाही. चिठ्ठी म्हशीच्या मुतात जाऊन पडली. मी उचलली तेव्हा शाई पसरू लागली होती.

त्या घरात वाचता येणारा माणूस एकच. तो केजच्या बाजाराला गेला होता. दारात बायका उभ्या होत्या. कोण गेले, आई की भाऊ, एवढेच त्यांना हवे होते. ओली चिठ्ठी हातात धरून मी म्हणालो, "मला वाचता येतं. वाचून दाखवू का?"

घरातला म्हातारा उठला. हाताने मारले असते तर त्याला विटाळ झाला असता. म्हणून त्याने पायातली वहाण काढली आणि ती माझ्या तोंडावर फेकली. ओठ फुटला. मग तो म्हणाला, "आमच्या माणसाचं नाव तुज्या तोंडातून निघायचं न्हाई."

मला चिठ्ठी पुन्हा खाली ठेवायला लावली. त्याच जागी. तिच्यावर एक दगड ठेवायला लावला. वाचणारा माणूस बाजारातून येईपर्यंत आम्ही दोघे उन्हात बसून राहिलो, कारण उलट निरोप घेतल्याशिवाय परतायची सोय नव्हती. तोवर त्या बायका रडत होत्या. कोणासाठी रडायचे हे ठाऊक नसताना. आणि ज्याला ठाऊक होते तो समोर बसला होता, ओठ पुसत.

 परतताना ओढ्याशी आल्यावर लिंबाजीने विचारले, "कावून ठेवलीस बे खाली?"

मी म्हणालो, ठेव म्हणाले म्हणून ठेवली.

"मी नसती ठेवली."

मला राग आला. त्या म्हाताऱ्याचा आला नव्हता इतका लिंबाजीचा आला. वहाण मी खाल्ली होती आणि शहाणपण हा सांगत होता. घर येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

तो लिंबाजी गेल्या महिन्यात वारला. आणि आता गावात जो लिंबाजी सांगितला जातो आहे, तो मी ओळखत नाही. ज्याच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एक, त्या भिंतीतला कोनाडा आरपार, त्यातून त्याच्या आईने मला भाकरी दिली आणि माझ्या आईने त्याला मीठ दिले, तो माणूस मी ओळखतो. म्हणून हे लिहितो आहे. मी चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांत चुका दुरुस्त केल्या. ही चूकही तशीच सोडणार नाही.

ग्रामपंचायतीसमोर मांडव घालून शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत खुर्ची होती, हेही सांगतो. खोटे आरोप करण्याची मला सवय नाही. मांडवाला मोठा फलक. त्यावर लिंबाजीचा हात जोडलेला फोटो. तो फोटो मला माहीत आहे. त्याच्या नातीच्या लग्नात व्याह्यांचे स्वागत करताना काढलेला. व्याही कापून टाकले, हात तेवढे ठेवले. फलकावर लिहिले होते, 'गावाचा इमानी सेवक'.

त्याच पाटलांचा नातू आता तालुक्याचा पुढारी आहे. लोक त्याला दादा म्हणतात. बोलायला गोड. मोबाइल खिशात ठेवून, डोळे थोडे मिटून तो बोलला. लिंबाजीआबांनी आयुष्यात एकच चूक केली, असे तो म्हणाला. त्याचे आजोबा, म्हणजे तेव्हाचे पाटील, वारले तेव्हा केजकडे दिलेल्या लेकीला सांगावा घेऊन लिंबाजीआबा निघाले, वाटेत घेतली, आणि कुठेतरी बांधावर झोपून गेले. आत्याला बापाचे तोंड दिसले नाही. पण आमच्या घराण्याने ती चूक पोटात घातली, आणि पुढे आबांनीही शेवटपर्यंत इमानाने गावाची सेवा केली. म्हणून फाट्यावरच्या एसटीच्या निवाऱ्याला त्यांचे नाव द्यायचे ठरले आहे. इमानी सेवक लिंबाजी प्रवासी निवारा. येत्या ग्रामसभेत ठराव होईल.

टाळ्या पडल्या. आमच्या वस्तीतूनही पडल्या.

आता मी एकेक वाक्य घेतो.

लिंबाजीने वाटेत घेतली म्हणे. लिंबाजीचा बाप दारूने मेला. तो मेला तेव्हा लिंबाजी दहा वर्षांचा होता, आणि वस्तीत सगळ्यांसमोर आईचा हात धरून तो म्हणाला होता की मी शिवणार नाही. शिवला नाही. लग्नात नाही, निवडणुकीत नाही, उसाच्या फडावर थंडीने बोटे वळत नव्हती तेव्हाही नाही. तंबाखू खायचा. ती भरपूर.

शेवटपर्यंत गावाची सेवा केली म्हणे. पाटलांच्या मरणाच्या त्या सांगाव्यानंतर लिंबाजीने येसकराची, गावकीच्या कामाची काठी हातात धरली नाही. एकही सांगावा नेला नाही. पाटलांच्या अंगणात पाऊल टाकले नाही. दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या मुलखात ऊस तोडायला जायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा, ते गावाची सेवा करावी लागू नये म्हणून. यात सेवा कुठे आहे, ते मला कोणी दाखवावे.

राहिली ती चूक. ती घडली कशी, ते त्याने मला एकदाच सांगितले. दुसऱ्यांदा मी विचारले नाही. विचारायला मला तोंड राहिले नव्हते. का राहिले नव्हते तेही येईल.

पाटील पहाटे गेले. एसटी तेव्हा सुरू झाली होती. पण मरणाचा सांगावा एसटीने धाडणे त्या घराण्याला कमीपणाचे वाटे. तो माणसानेच चालत न्यायचा. पाळी लिंबाजीची होती. वय बावीस-तेवीस. आठ कोस चालून दिवस डोक्यावर आला तेव्हा तो पाटलांच्या लेकीच्या सासरी पोचला. कोपरा फाडलेली चिठ्ठी मुंडाशातून काढली. लेकीचा सासरा ओट्यावर होता. तो म्हणाला, खाली ठेव, मागे सर.

लिंबाजीने ठेवली नाही. हात पुढे केला आणि म्हणाला, "हातात घ्या."

सासऱ्याला वाटले, ऐकू आले नसेल. पुन्हा म्हणाला. लिंबाजीही पुन्हा म्हणाला. मग सासरा हसला आणि म्हणाला, "उबा रहा मग. बगू कोण दमतंय."

लिंबाजी उभा राहिला. हात तसाच पुढे. एक हात दुखला की दुसरा. ओट्यावरची माणसे जेवायला आत गेली, जेवून बाहेर आली, पान खाऊन बसली. चिठ्ठीचा फाटका कोपरा त्यांना दिसत होता. कोणीतरी मेले आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होते.

मला ठाऊक आहे, इथे शहाणी माणसे विचारतील: तोंडाने का नाही सांगितले? एक शब्द बोलला असता तर लेक बापाला भेटली असती. मीही हे विचारले होते. लिंबाजी म्हणाला, "तुजा फुटका ओठ बगितला हुता मी."

त्यांच्या माणसाचे नाव आमच्या तोंडातून निघायचे नाही, आणि त्यांचा कागद आमच्या हातातून घ्यायचा नाही. मग त्यांच्या घरचे मरण त्यांच्यापर्यंत पोचणार कसे, याचा विचार या रीती घालणाऱ्यांनी केला नव्हता. इतकी वर्षे आम्हीच वाकून ते पोचवत होतो. एक माणूस वाकला नाही, आणि मरण अंगणातच थांबले.

दिवस मावळतीला आला तसा लिंबाजी परत फिरला. चिठ्ठीसकट. गावात पाटलांना लेकीची वाट पाहून, दिवा लागायच्या आधी अग्नी दिला. लेक कानोकानी कळून तिसऱ्या दिवशी आली, राख सावडायला. तिच्या सासऱ्याने सांगितले, आमच्याकडे कोणी आलेच नाही. दुसरे काय सांगणार? मरणाची चिठ्ठी दोन प्रहर दारात उभी होती आणि आम्ही ती घेतली नाही, हे सांगणार? मग आला नाही तर गेला कुठे, याचे उत्तर गावाने तयार केले. महाराचे पोर आहे, प्यायले असेल. या उत्तराला पुरावा लागला नाही.

चावडीवर पंच बसले. लिंबाजीला उन्हात उभे केले, डोक्यावर त्याच्याच वहाणा ठेवून. तो तेवढेच सांगत होता: मी गेलतो, त्यांनी घेतली न्हाई. लोक हसत होते. मग पाटलांच्या मोठ्या मुलाने मला पुढे बोलावले. मी त्याच आठवड्यात शिक्षकाचे शिक्षण पुरे करून बीडहून आलो होतो. आमच्याच पंचक्रोशीतल्या शाळेत नेमणूक व्हायची होती, आणि शाळेचा कारभार पाटलांच्या मुलाच्या हातात होता. त्याने मला 'गुरुजी' म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातल्या माणसाने मला मानाने हाक मारली होती. त्याने विचारले, तुम्ही त्याचे शेजारी, तुम्हाला काही बोलला का तो?

आदल्या संध्याकाळीच लिंबाजीने मला सगळे सांगितले होते. चिठ्ठी दाखवली होती.

मी म्हणालो, "मला काही माहीत नाही."

शुद्ध भाषेत म्हणालो. शिकलेल्या माणसासारखे.

लिंबाजीने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. त्याच्या घराची भाकर गावाने बंद केली, वस्तीने त्याच्याशी बोलणे सोडले, कारण गाव आमच्यावर उलटेल ही सगळ्यांना भीती. माझी नेमणूक झाली. ज्या दिवशी मी पहिल्यांदा शाळेला निघालो, त्या दिवशी सकाळी भिंतीतल्या कोनाड्यातून एक हात आला. हातात चिठ्ठी. पलीकडून लिंबाजीचा आवाज: "तुला वाचता येतं. तुज्यापाशी असू दे."

मी घेतली. हातात घेतली.

पुढची पन्नासहून जास्त वर्षे तो माझा शेजारी होता. माझ्या घरावर स्लॅब पडला तेव्हा त्याने विटा वाहिल्या. त्याचा मुलगा माझ्या वर्गात शिकला. रोज संध्याकाळी दोघे फाट्यावर बसायचो, आणि त्या दिवसाचा शब्द त्याने कधी काढला नाही. मला 'गुर्जी' म्हणून चिडवायचा तेव्हा त्यात टोचणी आहे का, हे मी चोरून ऐकायचो. नसायची. याचाच मला त्रास व्हायचा. शेवटच्या आजारात त्याने मला एकदा विचारले, "ती पोरगी हाय का रं अजून?" आधी मला कळेना, कोण पोरगी. मग कळले. पाटलांची लेक. तीही आता म्हातारी झालेली. मी म्हणालो, आहे. तो म्हणाला, "तिचं लई वाईट वाटतं मला. तिचा काय गुन्हा हुता."

ही त्याची बाजू. यात पश्चात्ताप आहे, पण ज्याला गाव पश्चात्ताप म्हणते तो नाही.

शोकसभेत टाळ्या थांबल्यावर मी उठलो. ध्वनिक्षेपक मागितला. वर्तमानपत्रवाला एक मुलगा होता, त्याने फोटोसाठी मोबाइल वर धरला. मी म्हणालो की दादा खोटे बोलले, जाणूनबुजून नव्हे, पण खोटे. आणि जे वर लिहिले ते सगळे सांगितले, माझ्या चावडीवरच्या वाक्यासकट. खिशातून चिठ्ठी काढून वर धरली. मागच्या रांगा चिठ्ठी पाहायला उठल्या. मला वाटले, झाले. पंचावन्न वर्षांनी का होईना, झाले.

दादा उठला. माझ्या पाया पडला. मग लोकांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी आमचे आदरणीय हायेत. पन् न पोचवलेली चिठ्ठी ही न पोचवल्याचाच पुरावा झाली की."

लोक हसले नाहीत. हसले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी माना हलवल्या. माझी कीव केली. हे मला वहाणेपेक्षा जास्त लागले.

मांडवाबाहेर लिंबाजीच्या मुलाने मला गाठले. तो दादाचा ट्रॅक्टर चालवतो. म्हणाला, "काका, नाव लागतंय माज्या बापाचं, पक्क्या बांधकामाला. कावून मोडता घालता? इमानी म्हणलं तर काय शिवी हाय का ती?"

मी त्याला म्हणालो, कुत्र्यालाही इमानी म्हणतात, बाळा. तो रागाने निघून गेला. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. पोटासाठी मी काय केले ते मी सांगितले आहेच.

तेव्हा साक्षीदार एकच उरला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावरून जीपमध्ये बसलो, केजला उतरलो, तिथून दुसऱ्या जीपने त्या गावी गेलो. पाटलांच्या लेकीचे घर आता सिमेंटचे आहे. अंगणात फरशी. ओटा मात्र जुनाच, दगडी. मी नाव सांगितले, गाव सांगितले, शाळामास्तर होतो हेही. तिच्या सुनेने आदराने आत बोलावले, खुर्ची दिली. मग चहा आला. घरातल्यांना कपबशीत, मला कागदी कपात. मी हात पुढे केला. सुनेने कप माझ्या शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि ती मागे सरली.

तिच्या मनात काही नसेल. हे मी मान्य करतो. तिच्या हाताला तशी सवय असेल. पण मला मोजायची सवय आहे. तीन पावले.

मी म्हणालो, "बाई, हातात द्या."

ती गोंधळली. सासूकडे पाहू लागली. मी हात मागे घेतला नाही. म्हातारी खाटेवर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, मान थोडी हलणारी. ती माझ्याकडे नव्हे, माझ्या हाताकडे पाहत होती. कितीतरी वेळ. चहावर साय आली.

मग ती म्हणाली, "असाच हात हुता."

मी हात तसाच धरला.

"मी दाराच्या फटीतून बगत हुते. नवी नवरी, बाहेर यायची मुभा न्हाई. तोंड न्हाई दिसलं मला. हातच दिसायचा. त्यातली चिठ्ठी. कोपरा न्हाई हे बी दिसत हुतं. मनात म्हणत हुते, ठेव की रं बाबा खाली, ठेव की. मग म्हणायची, न्हाई तर मामंजी, तुमी तर घ्या. दोगं बी ऐकंनात."

मी खिशातून चिठ्ठी काढली. कोपरा फाडलेली, घडीवर विरलेली. तिने ती फाटक्या कोपऱ्यावरूनच ओळखली. सून वाचायला पुढे आली, तर म्हातारीने तिला हाताने थांबवले आणि मला म्हणाली, "तुमी वाचा. मास्तर हाव ना."

मी वाचली. तिच्या बापाचे नाव मी मोठ्याने उच्चारले, आडनावासकट, आजोबांच्या नावासकट. माझ्या तोंडातून. तिच्या सासऱ्याचा हार घातलेला फोटो समोरच्या भिंतीवर होता. तो ऐकत होता असे मी समजतो. पुढे चार ओळी होत्या. आज पहाटे वारले. दिवस मावळेपर्यंत थांबतो. पोरीला घेऊन निघावे. शेवटी तिचेच नाव घेत होते.

ही शेवटची ओळ तिला पंचावन्न वर्षे माहीत नव्हती. माझ्या पेटीत होती. मी ती कितीदा वाचली होती आणि तिची आहे हे माझ्या मनात कधी आले नव्हते. मला नेहमी ती लिंबाजीची वाटायची, नाही तर माझ्या गुन्ह्याची. हा माझा दुसरा गुन्हा. तोही इथे लिहून ठेवतो.

ती रडली. आवाज न करता. मग हात पुढे केला. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती हातात घेतली. पंचावन्न वर्षांनी ती चिठ्ठी पोचली.

आणि तिने ती फाडली.

मयताची चिठ्ठी वाचून झाली की घरात ठेवत नाहीत. फाडून बाहेर टाकतात. तिने दोन तुकडे केले, चार केले, सुनेला म्हणाली, उंबऱ्याबाहेर टाक. सुनेने टाकले. मी खुर्चीतून उठेपर्यंत सगळे आटोपले होते. ती रीतीने वागली की विचार करून वागली, हे मला सांगता येत नाही. मी तिच्या डोळ्यांत पाहिले. मोतीबिंदूमागचे काही दिसले नाही.

मी म्हणालो, ग्रामसभेत एवढेच सांगा, की हात पाहिला होता. तुमचा भाचाच तर आहे तो. फोनवर सांगितले तरी चालेल.

ती म्हणाली, "मामंजीचा फोटू हाय तितं भिताडाला. त्याच्याखाली माजी खाट हाय. हे बोलून मी कुटं जाऊ, सांगा."

आणि निघताना, "माजं नाव घेऊ नका गुर्जी. पाया पडते."

मी तिला वचन दिले नाही. नमस्कार केला आणि बाहेर पडलो. फरशीवर चिठ्ठीचे तुकडे पडले होते. ते मी वेचले नाहीत. चिठ्ठी तिची होती.

परतीच्या जीपमध्ये मी शांतपणे विचार केला. आता माझ्याकडे कागद नाही. साक्षीदार नाही. लिंबाजी नाही. आहे तो मी, ज्याने एकदा 'मला काही माहीत नाही' असे सांगून नोकरी मिळवली. विश्वास ठेवण्यासारखा माणूस नव्हे, असे कोणी म्हटले तर ते बरोबर आहे. पण मला माहीत आहे. आणि या गावात ते माहीत असलेला, आणि ते बोलू शकणारा, दुसरा कोणी उरलेला नाही. त्या म्हातारीला तिच्या घरात राहायचे आहे, राहू दे. तिचे नाव मी लिहिलेले नाही. पण तिने जे पाहिले ते लिहिले आहे. तिने पाया पडून मागितले तरी लिहिले आहे. एकदा गप्प बसण्याबद्दल मला शाळा मिळाली होती. आता मला काहीही मिळवायचे नाही.

फाट्यावर उतरलो तेव्हा निवाऱ्याला पांढरा रंग दिलेला होता. रंगारी पेन्सिलीने अक्षरे आखत होता. 'इमानी' पर्यंत आला होता. मी त्याला थांबवले नाही. तो रोजावरचा माणूस. ज्याला थांबवायचे तो दुसरा आहे.

माझी मागणी एका ओळीची आहे. लिंबाजीच्या नावाआधीचे दोन शब्द पुसा. नाव राहू द्या, नुसते. आणि ते जमत नसेल तर नावही पुसा. तो बिननावाचा मेला तर चालेल. त्यांचा म्हणून मेलेला चालणार नाही.

हे सगळे मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढले आहे. या कागदाचे चारही कोपरे शाबूत आहेत. हा वाचून फाडायचा नाही. ज्यांच्या घरी पोचेल त्यांनी तो घरात ठेवायचा आहे, मुलांच्या हाताला लागेल अशा जागी.

ग्रामसभेला मी हा कागद घेऊन जाणार आहे. दादा गोड बोलेल. म्हणेल, गुरुजी, टेबलावर ठेवा, बघतो. मी ठेवणार नाही. हात पुढे करून उभा राहीन आणि म्हणेन, हातात घ्या. माझे वय शहात्तर आहे, गुडघे साथ देत नाहीत. पण दिवस मावळेपर्यंत मला उभे राहता येते.